नाकारलेली भरपाई आणि न्यायाचे दार



भंडारा जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे भाताच्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव, पितळेची भांडी आणि मोहाडी-आंधळगावकडील कोसा या गोष्टी आपणांस प्रथम आठवतात. परंतु तुमसर तालुक्याच्या उत्तरेस गेलात तर तेथे काळ्या दगडाच्या टेकड्या लागतात. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही त्यांतील दोन गावे. हा काळा दगड म्हणजे मँगॅनीजचे खनिज, आणि ते नसेल तर पोलाद होत नाही. १८९६ साली स्थापन झालेल्या 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' या विलायती मंडळीने या खाणींचा उद्योग आरंभिला. पुढे तीच कंपनी सी. पी. मँगॅनीज ओअर कंपनी झाली, १९६२ साली सरकारने तीत भागीदारी घेतली आणि १९७७ साली ती सर्वस्वी सरकारची झाली. हा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. आज मला बोलावयाचे आहे ते त्या खाणीत ज्याचा हात गेला, पाय मोडला किंवा डोळा फुटला त्याच्या इतिहासाविषयी. त्यातही भरपाई देणाऱ्याने 'तुला काही मिळावयाचे नाही' असे सांगितल्यानंतर तो मनुष्य कोणाच्या दारी गेला, आणि त्या दारी त्याचे काय ऐकले गेले, याविषयी.

कारण भरपाई देऊ म्हणणारा कायदा करणे ही एक गोष्ट आहे. ती का नाकारली, असा जाब विचारण्याची जागा असणे ही दुसरी. पहिलीचे पोवाडे पुष्कळ गाइले जातात. दुसरीकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही.

१९२४ पूर्वी खाणीतला जखमी मजूर काय करू शकत होता? तो दिवाणी न्यायालयात दावा लावू शकत होता, आणि धन्याच्या हयगयीमुळे आपणांस इजा झाली हे त्याला शाबीत करावे लागे. मुंबई-नागपूरच्या वकिलांना फी देऊन, कंपनीच्या साहेबाविरुद्ध, कंपनीच्याच नोकरांची साक्ष काढून त्याने ते शाबीत करावयाचे! यातच विलायतेहून आलेली एक आडकाठी होती. १८३७ साली तेथे एका खाटकाच्या पोऱ्याचा खटला झाला. गाडीवर माल वाजवीपेक्षा जास्त भरला होता, गाडी मोडली आणि पोऱ्याची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले, पण वरच्या न्यायालयाने ते काढून घेतले. त्या निकालापासून असे तत्त्व रूढ झाले की, सोबतच्या नोकराच्या चुकीबद्दल नोकराने धन्यास जबाबदार धरू नये. कामाचा धोका त्याने पत्करलेलाच असतो. या तत्त्वाचा आधार मालकांना घेता येऊ नये असा स्पष्ट कायदा हिंदुस्थानात व्हावयास १९३८ साल उजाडावे लागले.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पाहा. १८५५ सालापासून हिंदुस्थानात असा एक कायदा होता की, दुसऱ्याच्या दोषाने मनुष्य मेला तर त्याची बायको, नवरा, मुले, आईबाप यांच्यासाठी दावा करता येत असे. मेलेल्याच्या घरच्यांसाठी तरी एक लेखी कायदा होता. जो जिवंत राहिला पण कामातून गेला, त्याच्यासाठी तसा काही नव्हता. आणि हातपाय गेलेल्या मनुष्याचे घरात खाणारे एक तोंड वाढते, मिळवणारे एक कमी होते, हे सांगावयास अर्थशास्त्र नको.

जर्मनीने १८८४ साली अपघाताचा विमा केला, इंग्लंडने १८९७ साली भरपाईचा कायदा केला, आणि पहिल्या महायुद्धानंतर येथेही वारे फिरले. मध्यवर्ती कायदेमंडळात १९२१ पासून मजुरांचे प्रतिनिधी म्हणून आपले नारायण मल्हार जोशी बसत होते. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावच्या या गृहस्थाने आयुष्याची कितीतरी वर्षे असल्या कोरड्या दिसणाऱ्या कलमांत घालविली. १९२३ चा आठवा कायदा, म्हणजे कामकरी नुकसानभरपाईचा कायदा, १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. त्याचे मर्म असे की, धन्याची चूक दाखविण्याची गरज उरली नाही. कामामुळे आणि काम चालू असताना इजा झाली एवढे दाखविले की पुरे. मनुष्य दारूच्या अमलात होता, किंवा त्याने सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडला अशा काही सबबी मालकास ठेविल्या. परंतु त्या मालकाने शाबीत करावयाच्या होत्या. पुराव्याचा बोजा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना तीच होय.

त्या कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट होते. ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात मनुष्याच्या शरीराचा दरपत्रक मांडला होता. उजवा हात कोपरापासून वा वर गेला तर शेकडा ७०. डावा गेला तर ६०. गुडघ्यापासून वा वर पाय गेला तर ६०. बहिरेपण आले तर ५०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५. मनुष्य पूर्ण व कायमचा निकामी झाला तर बेचाळीस महिन्यांची मजुरी किंवा ३,५०० रुपये, यांत जी रक्कम कमी ती. समजा, मजुराची मजुरी महिन्यास पंधरा रुपये आहे. पूर्ण निकामी झाल्यास ६३० रुपये. उजवा हात गेल्यास त्याचे शेकडा ७०, म्हणजे ४४१. डावा गेल्यास ३७८. दोन हातांच्या किमतीत त्रेसष्ट रुपयांचे अंतर! डावखुऱ्याचे काय, असा प्रश्न वर्गातल्या पोरानेही विचारला असता. परिशिष्टात त्याचे उत्तर नव्हते. पुढे ही कोष्टके कितीदा तरी सुधारली गेली आणि रकमा वाढल्या, पण शेकडेवारीने माणूस मोजण्याची पद्धत कायम राहिली, आणि न्यायालयांतील पुष्कळसे भांडण तिच्याचभोवती फिरत राहिले.

आता दाराविषयी. या कायद्याने त्याखालील भरपाईच्या मागणीसाठी दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले आणि त्याऐवजी कमिशनरपुढे अर्ज करण्याचे दार उघडले. साधा अर्ज, थोडा खर्च, आणि पुराव्याच्या बाबतीत फार ताणून न धरणारा अधिकारी, अशी कल्पना होती. शिवाय दोन कलमे अशी घातली की ज्यांनी ती लिहिली त्यांना मजुराचे घर ठाऊक असले पाहिजे. एक असे की, 'मी भरपाई मागणार नाही' असा करार मजुराने लिहून दिला तरी तो निरर्थक समजावा. दुसरे असे की, मालक व मजूर यांनी आपसांत रक्कम ठरविली तर तो तडजोडीचा कागद कमिशनरकडे नोंदवावा, आणि रक्कम अपुरी वाटली, किंवा कागद फसवून वा दडपणाने घेतला असे दिसले, तर कमिशनरने नोंद नाकारावी.

या दुसऱ्या कलमाचे मोल मला पुस्तकातून कळले नाही. मी खेड्यापाड्यांत मास्तर होतो. गावात ज्याला लिहिता येते त्याच्याकडे अर्ज लिहून घ्यावयास लोक येतात, तसे माझ्याकडेही येत. एकदा एक पालक आला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे ठेकेदाराच्या कामावर चेचली होती. त्याने घडी घातलेला एक कागद दाखविला. त्यावर खाली अंगठा होता आणि वर रक्कम लिहावयाची जागा कोरी होती. 'गुरुजी, ठेकेदार म्हणाला, अंगठा दे, दवाखान्याचा खर्च करतो.' मी त्यास म्हणालो, 'बाबा, तो अंगठा शाबूत आहे म्हणून तरी सांभाळ.' नंतर आम्ही अपघाताची लेखी सूचना लिहिली, ती रजिस्टर पोस्टाने धाडली आणि पोचपावती जपून ठेविली. ठेकेदाराचा मजूर असला तरी मूळ मालकाकडे भरपाई मागता येते, असे या कायद्याचे बारावे कलम सांगत होते. ते कलम त्या गृहस्थास ठाऊक नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर ठेकेदारास ते चांगले ठाऊक होते.

कमिशनरने अर्ज फेटाळला किंवा थोडे देऊन बोळवण केली तर पुढे काय? पुढे उच्च न्यायालय. भंडाऱ्याचे अपील नागपुरास जाई. ९ जानेवारी १९३६ पर्यंत तेथे ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट होते, त्या दिवसापासून नागपूर हायकोर्ट झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आले. पाट्या बदलल्या, पण अपिलाची अट तीच राहिली. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील ऐकावयाचे; वस्तुस्थितीचा निर्णय कमिशनरचाच. पगार किती होता, पडला तो कामावर पडला की घरी, डॉक्टरांचा दाखला खरा की नाही, या गोष्टी खाली एकदा ठरल्या की बहुधा ठरल्याच. म्हणून मजुराचे नशीब खरे पाहता पहिल्या कागदांतच लिहिलेले असते. हजेरीपटावर नाव नाही, जखमेची नोंद दवाखान्यात दुसऱ्याच कारणाने झाली आहे, साक्षीदार पोटासाठी दुसऱ्या खाणीवर निघून गेला आहे, असे खटले नागपुरास गेले तरी न्यायमूर्तींचे हात बांधलेले असत. मालकाच्या अपिलावर मात्र एक चांगला लगाम होता. ठरलेली रक्कम आधी जमा केल्यावाचून त्याचे अपील दाखलच होत नसे. नुसता कालहरणाचा डाव त्यामुळे पुष्कळ महाग पडे.

तरीही जेथे कायद्याचा प्रश्न उभा राहिला, तेथे वरच्या न्यायालयांनी मोठी कामगिरी केली आहे. ओरिसातील जयपूर गावी ६ जुलै १९६८ रोजी सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला, एक हात गेला, हे अंशतः पंगुत्व आहे, कोष्टकाप्रमाणे टक्के द्या. सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर १९७५ रोजी प्रतापनारायण सिंग देव यांच्या अपिलाचा निकाल देताना ते मानले नाही. सुताराला एका हाताने सुतारकाम करता येत नाही. त्याच्या पुरते पंगुत्व शंभर टक्के होय. कोष्टकाने हात मोजला होता, न्यायालयाने धंदा मोजला. दुसरी गोष्ट त्याच निकालात ठरली. भरपाई देण्याची जबाबदारी ज्या दिवशी मनुष्य पडला त्या दिवसापासून सुरू होते. कमिशनरने हुकूम दिल्याच्या दिवसापासून नव्हे. म्हणजे खटला जितका रेंगाळेल तितके व्याज मालकाच्या अंगावर.

कामावर जाता-येता अपघात झाला तर तो कामातला धरावा की नाही, हा प्रश्न असाच दीर्घकाळ चालला. मुंबईत २० जुलै १९५७ रोजी बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरीच्या आगारात काम संपवून बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी निघाला, आणि वाटेत बस उभ्या लॉरीवर आदळून तो दगावला. येथे मनुष्य मेला होता, पंगू झाला नव्हता. परंतु कायद्याचा प्रश्न दोहोंस एकच. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाचा हक्क मान्य केला. १९९६ साली मात्र, सायकलीवरून कारखान्याकडे जाताना लॉरीची धडक बसून जखमी झालेल्या एका विमेदार कामगारास त्याच न्यायालयाने नकार दिला. संसदेने २०१० साली राज्य विमा कायद्यात दुरुस्ती करून तो नकार पुसून टाकला. आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९२३ च्या कायद्यासही तोच अर्थ लावला. तो खटला आपल्या महाराष्ट्रातील होता. एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीसाठी निघाला असता कारखाना सुमारे पाच किलोमीटर उरला असताना वाटेतच मेला होता. कमिशनरने दिले, उच्च न्यायालयाने काढून घेतले, सर्वोच्च न्यायालयाने परत दिले, आणि या तीन पायऱ्यांस बावीस वर्षे लागली.

खाणीकडे परत येऊ. पडलेला मनुष्य निदान पडलेला दिसतो. धुळीने किंवा विषाने जो हळूहळू खचतो, त्याचे काय? जॉन कूपर नावाच्या ग्लासगोच्या वैद्याने मँगॅनीजची पूड अंगात जाऊन मनुष्याचे चालणे-बोलणे कसे बिघडते याचे वर्णन १८३७ साली केले. खाटकाच्या पोऱ्याचा निकाल लागला तेच ते साल! १९२३ च्या कायद्यातील रोगांच्या मूळ यादीत अँथ्रॅक्स, शिसे व फॉस्फरस एवढेच होते. मँगॅनीजचे विकार आणि दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा सिलिकोसिस पुढे यादीत आले. यादीत येण्याचा अर्थ असा की, त्या कामावर ठराविक काळ राहिलेल्या मनुष्यास तो रोग झाला तर तो कामामुळेच झाला असे धरून चालावयाचे. तसे नाही हे मालकाने दाखवावयाचे. पुन्हा तोच बोजा आणि तोच खांदा. अडचण राहते ती निदानाची. खोकणाऱ्या मजुरास क्षयाची औषधे मिळतात, आणि दाखल्यावर क्षय लिहिला गेला की धुळीचा दावा तेथेच संपतो.

याच जिल्ह्याशी ज्यांचे नाव एका पराभवाने जोडले गेले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा येथे उल्लेख केला पाहिजे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते भंडाऱ्यातून उभे राहिले आणि हरले, हे सर्वांस माहीत आहे. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना कामगार राज्य विम्याची पायाभरणी त्यांच्या खात्यात झाली, हे मतदारांपैकी किती जणांना ठाऊक होते कोण जाणे. अध्यापक अडारकरांचा अहवाल १९४४ साली आला आणि कायदा १९४८ साली झाला. त्यात मालकाऐवजी विमा महामंडळ पैसे देते, पंगुत्व किती हे वैद्यकीय मंडळ ठरविते, आणि त्यावर दाद मागण्यास स्वतंत्र विमा न्यायालय आहे. मात्र त्या कायद्याच्या 'कारखाना' या शब्दाच्या व्याख्येतून खाण वगळली गेली. त्यामुळे तुमसरकडील खाणकामगार १९२३ च्या जुन्या कायद्याच्याच छत्राखाली राहिला.

मजुरास १९२४ साली जे दार मिळाले, ते त्याच गावच्या शिपायाला मात्र मिळाले नव्हते. पलटणीत जाऊन पंगू होऊन परतलेली माणसे आमच्याकडील गावांतही आहेत. १८७१ च्या निवृत्तिवेतनाच्या कायद्याने असे ठरवून टाकले होते की, सरकारी पेन्शनाविषयी कोणत्याही दिवाणी न्यायालयाने दावा ऐकू नये. पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी, आणि मेहेरबानीवर दाद कसली? शिपायाने अर्ज करावा, पेन्शनच्या कचेरीने 'ही व्याधी लष्करी नोकरीमुळे झालेली नाही व नोकरीने वाढलेलीही नाही' असे एका ओळीचे उत्तर पाठवावे, आणि शिपायाने ते ट्रंकेत ठेवावे. ही कोंडी १९७१ साली फुटली. बिहारच्या एका सरकारी नोकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही मेहेरबानी नसून नोकराची मिळकत आहे, आणि १८७१ चा कायदा राज्यघटनेखालील रिट अर्जाच्या आड येत नाही. पुढे १९८२ च्या नियमांनी पुराव्याचा बोजा शिपायावर टाकू नये असे स्पष्ट केले. तरीही नकार चालूच राहिले, म्हणून २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापिले गेले.

२ जुलै २०१३ चा निकाल या बाबतीत मैलाचा दगड मानतात. सिग्नल दलातील एक शिपाई १९८५ साली भरती झाला आणि अपस्माराचे झटके येऊ लागल्याने १९९४ साली त्यास सोडून देण्यात आले. वैद्यकीय मंडळाने व्याधी प्रकृतीतीलच आहे असे लिहिले. कारण मात्र लिहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते असे: भरती करताना तुम्हीच त्यास तपासून निरोगी म्हणून घेतलेत, तेव्हाच्या कागदावर या व्याधीची नोंद नाही, मग ती नोकरीत झाली नाही, हे दाखविण्याचे काम कोणाचे? मंडळाने कारणे दिली नाहीत, म्हणून शंकेचा फायदा शिपायास. अर्ज फेटाळणाऱ्याने कारण लिहिले पाहिजे ही साधी अट, पण त्यानंतर कितीतरी जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने या विषयाचे नियम नव्याने केले आहेत. तेव्हा पुढच्या पिढीच्या शिपायांचे तंटे नव्या शब्दांवर चालतील. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयाकडे रिट अर्जाने जाता येते, हेही सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी पुन्हा स्पष्ट केले.

खाणमजुराचा १९२३ चा कायदाही आता त्या नावाने उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता अंमलात आली, आणि तीत हा कायदा, राज्य विम्याचा कायदा व इतर सात कायदे विलीन झाले. कमिशनरच्या जागी 'सक्षम अधिकारी' असे नाव आले आहे. अपील उच्च न्यायालयाकडेच आहे. संहितेचे शब्द आता नागपूरच्या न्यायासनापुढे एकेक करून तपासले जातील. तोवर ज्यांच्या घरी खाणीवर किंवा ठेकेदाराकडे कामाला जाणारे कोणी असेल, त्यांनी तीन कागद ट्रंकेत वेगळे बांधून ठेवावेत: हजेरीचा किंवा पगाराचा काही लेखी पुरावा, अपघाताच्या दिवशीचा दवाखान्याचा कागद, आणि मालकास धाडलेल्या सूचनेची पोचपावती.